खोडलेल्या यादीतले काम : पन्नाशीनंतर गवसलेल्या एका ध्यासाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आणि सार्वजनिक क्षेत्रातील बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या एका अधिकाऱ्याचे आहे. त्यांच्या संमतीने ते येथे मांडत आहे. नाव, गाव आणि बँक यांचा उल्लेख टाळला आहे. नोकरी संपत आलेल्या किंवा नुकतीच संपलेल्या लोकांसाठी मी छोटे मार्गदर्शन वर्ग घेतो. त्या निमित्ताने २०१९ च्या अखेरीस हे गृहस्थ माझ्याकडे आले आणि पुढची पाच-सहा वर्षे आमचा संपर्क राहिला. या काळात मी दिलेला एक सल्ला साफ चुकीचा ठरला. हे प्रकरण लिहावेसे वाटण्याचे तेही एक कारण आहे.

गृहस्थ कारकून म्हणून बँकेत लागले आणि पदोन्नती घेत शाखा व्यवस्थापक झाले. नोकरीची शेवटची दहा वर्षे बदल्यांत, थकीत कर्जांच्या वसुलीत आणि विमा पॉलिसी विकण्याच्या उद्दिष्टांत गेली. बँक कर्मचाऱ्यांच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार वीस वर्षांची पात्र सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची सूचना देऊन स्वेच्छेने निवृत्त होता येते. त्यांची सेवा अठ्ठावीस वर्षांची झाली होती आणि वय बावन्न होते. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मुलगी पुण्यात शिकत असलेली, घराचे कर्ज फिटलेले. ‘आता स्वतःसाठी जगायचे’ एवढ्याच निश्चयावर त्यांनी अर्ज दिला.

अडचण

पहिले दोन महिने झोपेत, नातेवाइकांकडे जाण्यात आणि घराच्या डागडुजीत बरे गेले. त्यानंतर मात्र त्यांना एक रिकामेपण जाणवू लागले, आणि त्याची कल्पना त्यांनी आधी केलीच नव्हती. पहिल्या भेटीत ते म्हणाले, “सकाळी साडेनऊ वाजले की पाय आपोआप दाराकडे वळतात, आणि मग आठवतं की जायचं कुठेच नाही.” बँक सोडल्याचा पश्चात्ताप त्यांना नव्हता. पण आपल्याला कशाची आवड आहे, हे बावन्नाव्या वर्षीही सांगता येत नाही, याची त्यांना लाज वाटत होती. मित्र विचारत, “आता काय करणार?” आणि ते दर वेळी वेगळे उत्तर देत.

अशी लाज अनेकांना वाटते, असा माझा अनुभव आहे. प्रत्येक माणसाच्या आत एक ठरलेली आवड दडलेली असते आणि ती सापडली नाही तर दोष त्या माणसाचा, असा समज अलीकडे फार पसरला आहे. मीही त्या समजाला बळ दिले. ‘इकिगाई’ या जपानी नावाने आपल्याकडे फिरणारी चार वर्तुळांची आकृती मी त्यांच्यापुढे ठेवली : जे आवडते, जे जमते, ज्याचे पैसे मिळतात आणि ज्याची जगाला गरज आहे. ही आकृती मुळात जपानी नाही. स्पेनमधील आंद्रेस झुझुनागा यांच्या आकृतीवर ब्रिटिश लेखक मार्क विन यांनी २०१४ मध्ये तो जपानी शब्द बसवला आणि तिथून ती जगभर गेली. मला हे तेव्हा ठाऊक नव्हते. आकृतीचा उगम ठाऊक असता तरी मी ती वापरली असती. चूक तिच्या वापरातच होती.

मी त्यांना दोन याद्या करायला सांगितल्या. आवडत्या गोष्टींच्या यादीत त्यांनी वाचन, गडकिल्ले आणि नाट्यसंगीत लिहिले. ‘पुन्हा कधीही करायचे नाही’ या यादीत वसुली, विमा, बैठका आणि ‘कागदपत्रे तपासणे’ असे चार विषय होते. दुसरी यादी मी त्यांच्याकडून आडव्या रेघा मारून खोडून घेतली. त्याआधी बोलण्याच्या ओघात त्यांनी सांगितले होते की कर्जाच्या प्रकरणात वकिलांचा अहवाल आलेला असला तरी ते स्वतः जुने सातबारा आणि फेरफार काढून वाचत बसत, आणि त्यावरून सहकारी त्यांची थट्टा करत. मी ते ऐकले आणि सोडून दिले.

विचारात घेतलेले पर्याय

पुढच्या चार महिन्यांत चार पर्याय पुढे आले. विमा एजन्सीत कमाई चांगली होती, पण ज्या उद्दिष्टांना कंटाळून नोकरी सोडली तीच पुन्हा मानेवर बसली असती. वडिलोपार्जित दोन एकरांत पेरूची बाग लावण्याचा विचार विहिरीच्या पाण्याचा अंदाज घेतल्यावर मागे पडला. पेटीचा वर्ग त्यांनी लावला आणि सहा आठवड्यांत सोडला. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले की गाणे ऐकायला आवडते, पण सरावाच्या वेळी लक्ष घड्याळाकडेच असते.

चौथा पर्याय सर्वांत मोहाचा होता. गावातील एका पतसंस्थेने त्यांना व्यवस्थापकपद देऊ केले. पगार होता, मान होता, साडेनऊला जाण्याचे ठिकाण होते. या टप्प्यावरचा निर्णय वस्तुतः त्यांच्या पत्नीने घेतला. त्या म्हणाल्या, “तुम्ही रिकामे बसवत नाही म्हणून पुन्हा तेच ओढून घेताय. पैशाची ओढाताण असती तर मीच म्हटलं असतं, जा.” त्यांनी नकार कळवला. घरात निवृत्तिवेतन आणि शिक्षिकेचा पगार येत होता म्हणून हा नकार परवडला, हे येथे स्पष्ट लिहायला हवे. ज्या घरात एकच मिळकत आहे तिथे ‘ध्यास शोधा’ असा उपदेश करणे मला आता क्रूर वाटते.

कलाटणी : ट्रंकेतले कागद

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ते मूळ गावी, वडिलोपार्जित वाड्यात होते. वाड्याची वाटणी व्हायची होती आणि चुलतभावाने माळ्यावरचे सामान खाली काढले होते. त्यात एक पत्र्याची ट्रंक निघाली आणि तिच्यात जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले कागद होते. सगळे मोडी लिपीत. चुलतभावाचे म्हणणे होते की वाळवी लागण्यापेक्षा रद्दीत गेलेले बरे. गृहस्थांनी गाठोडे उचलून धाकट्या चुलत्यांपुढे ठेवले, कारण घरात मोडी शिकलेले ते एकटेच उरले होते.

हे चुलते, घरातले अप्पा, तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. १९५० च्या सुमारापर्यंत मराठी शाळांतून मोडी शिकवली जात असे, त्यामुळे त्यांच्या पिढीतील अनेकांना ती येत होती. पुढे बालबोध देवनागरीच सर्वत्र चालू लागली आणि दोन पिढ्यांत अशी वेळ आली की घराघरांतल्या आपल्याच आजोबा-पणजोबांची पत्रे आपल्याला परकी झाली. अप्पांना मोतीबिंदूमुळे फारसे दिसत नव्हते. ते भिंगातून एक-एक ओळ वाचत आणि पुतण्या ती वहीत उतरवून घेत असे.

पहिला कागद लागायला तीन दिवस गेले. पुतण्या एकेका अक्षरावर अडून बसे : “अप्पा, हा स की र?” अप्पा वैतागून म्हणत, “अरे, अक्षर काय बघतोस, ओळ बघ.” त्यामागे कारण होते. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेतात आणि खाली अक्षरे हात न उचलता लिहीत जातात. शब्दांमध्ये अंतर सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नसतो आणि विरामचिन्हेही नसतात. शब्द कुठे तुटतो हे अर्थावरूनच ठरवावे लागते. तो कागद म्हणजे एखादे स्वारीचे वर्णन किंवा सनद असेल, अशी घरातल्यांची अपेक्षा होती. निघाले कर्जाचे खत. आंब्याची झाडे आणि विहिरीतला हिस्सा गहाण टाकून घेतलेले पैसे, दरमहा दर शेकडा व्याज, आणि पुढे उत्पन्न कोणी खायचे याबद्दलचे एक लांबलचक वाक्य, ज्याचा अन्वय अप्पांना लागेना. गृहस्थांनी ते वाक्य दोनदा वाचले आणि म्हणाले, “अप्पा, हे ताबेगहाण आहे. मुद्दल फिटेपर्यंत झाडांचं उत्पन्न सावकाराचं.” अप्पा बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “मला अक्षर लागतंय, पण मतलब तुला लागतोय.”

हा प्रसंग त्यांनी मला फोनवर सांगितला तेव्हा मला ती खोडलेली यादी आठवली. ‘कागदपत्रे तपासणे’. अठ्ठावीस वर्षे उद्दिष्टांच्या ओझ्याखाली केलेले ते काम त्यांना नकोसे झाले होते, पण नकोसे होण्याचे कारण त्या कामात नव्हते. जुना दस्तऐवज हाती घ्यावा, त्यातील पक्ष, तारीख, रक्कम आणि अट शोधून काढावी, एका कागदाची दुसऱ्याशी सांगड घालून विसंगती पकडावी, हे त्यांना मनापासून जमत होते आणि त्यात त्यांना वेळेचे भान राहत नव्हते. आम्ही दोघांनी मिळून तेच आधी बाजूला काढले होते.

प्रत्यक्ष कृती

टाळेबंदीच्या काळात ते रोज सकाळी दोन तास अप्पांजवळ बसत. दुपारी मुळाक्षरे आणि बाराखडी गिरवत. मोडीतील कालगणनेने त्यांना विशेष ओढून घेतले. जुन्या कागदांत शुहूर सनाचे, म्हणजे मराठेशाहीत चालणाऱ्या एका कालगणनेचे, आकडे अरबी शब्दांत आणि एकंपासून सुरुवात करून लिहिलेले असतात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते, म्हणून इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवायचे. १४ जानेवारी १७६१ ची पानिपतची लढाई याच ११६१ मध्ये येते. हा हिशेब स्वतः करून जुळला त्या दिवशी त्यांनी मला रात्री दहा वाजता फोन केला होता.

वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून कागद मिळवले, १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले, आणि पहिल्या खंडातील पत्रे त्यांना वाईला सापडली होती, हे त्यांनी शाळेत कधीतरी ऐकले होते. वाई त्यांच्या घरापासून फार लांब नाही. आपली ट्रंक अशा शोधातून सुटलेली एक आहे आणि अशा आणखी कितीतरी सुटल्या असतील, या विचाराने त्यांच्या वाचनाला घराबाहेरचा रोख मिळाला.

तरीही सारे सुरळीत नव्हते. जानेवारी २०२१ च्या सुमारास ते सोडून देण्याच्या बेतात होते. पेशवाईतील कारकुनाचे वळणदार अक्षर जरा तरी वाचता येई. इंग्रजी अमदानीतील घाईचे अक्षर अजिबात लागत नव्हते. ते मला म्हणाले, “खरी आवड असती तर इतकं जड गेलं नसतं ना?” पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांचे २०१८ चे संशोधन तोवर माझ्या वाचनात आले होते. आवड ही तयार सापडणारी वस्तू आहे असे मानणारी माणसे ती सापडल्यावर मार्ग सोपा होईल अशी अपेक्षा धरतात आणि अडचण येताच त्यांचा उत्साह अधिक ओसरतो, असा त्याचा आशय आहे. मी तो त्यांना सांगितला. परंतु माझ्या सांगण्याने ते टिकून राहिले असे मी म्हणणार नाही. अप्पांची प्रकृती ढासळत होती आणि गाठोड्यातील निम्मे कागद वाचायचे राहिले होते. ते टिकले ते या कारणाने. ऑगस्ट २०२१ मध्ये अप्पा गेले. तोपर्यंत दोघांनी मिळून सतरा कागद वाचून काढले होते.

राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण देते आणि परीक्षाही घेते. २०२२ मध्ये त्यांनी ते प्रशिक्षण पूर्ण केले आणि परीक्षा दिली. त्याच वर्षी घराच्या ओसरीवर रविवारी सकाळी चार जणांचा वर्ग सुरू झाला.

सर्वांत कठीण निर्णय

सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा समाजातील लोकांना कुणबी जातीचे दाखले देता यावेत म्हणून जुन्या कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरे उघडली गेली. जन्म-मृत्यूची नोंदवही असलेला गाव नमुना चौदा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, खासरा पाहणी पत्रके, कुळांच्या नोंदवह्या, यांतील पुष्कळ मजकूर मोडीत आहे. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. गृहस्थांच्या ओसरीवर सकाळपासून माणसे बसू लागली. कोणाच्या हातात नक्कल, कोणाच्या मोबाइलमध्ये अस्पष्ट फोटो.

त्यांच्यापुढे तीन मार्ग होते : पानामागे दर ठरवून व्यवसाय करणे, कोणत्या तरी कार्यालयाशी बांधून घेणे, किंवा जमेल तेवढे विनामूल्य वाचून देणे. त्यांनी तिसरा मार्ग धरला, पण ‘जमेल तेवढे’ याला मर्यादा घातली नाही. रात्री अकरापर्यंत वाचन चाले. रविवारचा वर्ग बंद पडला, घरच्या ट्रंकेला हात लागेना, पत्नीशी खटके उडू लागले. रॉबर्ट व्हॅलरँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ध्यासाचे दोन प्रकार मांडले : आयुष्यातल्या इतर गोष्टींशी जुळवून राहणारा आणि माणसालाच ताब्यात घेणारा. हा बदल मला बाहेरून दिसत होता. मात्र लोकांचे काम होत आहे या भावनेपुढे मीही त्यांना थांबा म्हणालो नाही.

जानेवारी २०२४ मध्ये चूक झाली. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आहे, त्यामुळे एका घराण्यात एकच नाव एका पिढीआड येत राहते आणि जुन्या नोंदीतील ‘बिन’, म्हणजे ‘चा मुलगा’, हा शब्द निर्णायक ठरतो. एका नोंदीत तो ‘बिन’ शाईच्या डागात अर्धा बुडालेला होता. त्यांनी घाईत नातवाची नोंद आजोबांची म्हणून वाचून दिली. वंशावळ दोन पिढ्यांनी सरकली, पडताळणीत विसंगती निघाली आणि प्रकरण त्रुटी दाखवून परत आले. दुरुस्ती होईपर्यंत त्या घरातील मुलाच्या नोकरभरतीच्या अर्जाची मुदत उलटून गेली.

ते स्वतः त्या गावी गेले, चूक आपली आहे हे सर्वांसमोर सांगितले आणि दुरुस्त वाचन लेखी दिले. घरातील वडीलधाऱ्यांनी त्यांना बोल लावला नाही. मुलगा मात्र शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही, आणि त्यांना अजून आठवते ते त्याचे न बोलणे. परत आल्यावर तीन आठवडे त्यांनी एकही कागद हाती घेतला नाही. काम कायमचे सोडावे, असे त्यांच्या मनात होते.

त्या तीन आठवड्यांत आमच्या दोन भेटी झाल्या. या वेळी मी यादी करायला सांगितली नाही. एवढेच विचारले, “बँकेत असता तर अशा चुकीनंतर तुम्ही काय केलं असतं?” त्यांनी तत्काळ उत्तर दिले : एकाने तयार केलेले व्हाउचर दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जाऊ दिले नसते. तिथून पुढचे नियम त्यांनीच ठरवले. लोकांचे कागद आठवड्यातून दोनच दिवस घ्यायचे. प्रत्येक वाचन दुसऱ्या जाणत्याकडून स्वतंत्रपणे तपासून घ्यायचे. जे अक्षर लागले नाही त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह घालायचे आणि अंदाज असेल तर तो अंदाज आहे असे लिहायचे. मोबाइलवरच्या फोटोवरून वाचून द्यायचे नाही. आणि रविवारचा वर्ग कोणत्याही कारणाने बंद ठेवायचा नाही, कारण दुसरा वाचणारा तिथेच तयार होणार होता.

निष्पत्ती

२०२५ मध्ये त्यांच्या वर्गातील दोघे जण स्वतंत्रपणे वाचू लागले होते : एक प्राथमिक शिक्षिका आणि एक इतिहासाचा पदवीधर. परस्परांचे वाचन तपासण्याची पद्धत टिकली आहे आणि तिच्यामुळे काम सावकाश होते, यावरून लोकांची नाराजीही आहे. घरच्या गाठोड्यातील दोन-तृतीयांश कागदांची तारीखवार सूची झाली आहे. या सगळ्यातून मिळकत काहीच नाही. प्रवासखर्च आणि झेरॉक्सचे पैसे तेवढे ते घेतात.

समाधान मिळाले का, असे मी विचारले. ते विचार करून म्हणाले की समाधान म्हणता येईल की नाही ठाऊक नाही, पण साडेनऊला आता पाय दाराकडे जात नाहीत.

वेगळे काय करता आले असते

माझ्या बाजूने सांगायचे तर नकोशा कामांची यादी खोडून घेणे ही उघड चूक होती. त्या यादीतील प्रत्येक काम का नकोसे झाले, ते कामच नको आहे की त्याभोवतीची सक्ती, हे विचारायला हवे होते. आता मी वर्गात ‘तुम्हाला काय आवडते’ हा प्रश्न फार उशिरा विचारतो. आधी विचारतो की कोणी मागितले नसताना, कोणाचे लक्ष नसताना तुम्ही कोणते काम गरजेपेक्षा अधिक काळजीने करत होता. सातबारा आणि फेरफाराची हकीकत या प्रश्नाचे उत्तर म्हणून पहिल्याच भेटीत माझ्यापुढे आली होती.

दुबार तपासणीचा नियम चूक होण्याआधी, मागणी वाढली त्याच आठवड्यात करता आला असता. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीशिवाय रक्कम जाऊ दिली नाही, त्यांना स्वतःच्या वाचनाला दुसरी सही लागेल असे वाटले नाही, कारण हे काम त्यांच्या लेखी प्रेमाचे होते आणि प्रेमाच्या कामाला नियम नसतात असे त्यांनी गृहीत धरले होते. विनामूल्य कामाचा निर्णयही मला पुरता पटलेला नाही. थोडे शुल्क असते तर गर्दी आटोक्यात राहिली असती, असे मला वाटते. त्यांना ते आजही मान्य नाही.

त्यांना स्वतःला सलते ती गोष्ट वेगळीच आहे. अप्पांचे वाचन त्यांनी वहीत उतरवले, पण आवाज ध्वनिमुद्रित केला नाही. हातात मोबाइल असूनही सुचले नाही. त्या गावच्या कुलकर्ण्यांची अक्षराची खास मोड आणि त्यांचे संक्षेप अप्पांना तोंडपाठ होते. त्यांतले कित्येक वहीत आलेच नाहीत. सतराव्या कागदाच्या शेवटच्या तीन ओळींपाशी अप्पा अडले होते आणि ‘उद्या बघू’ म्हणून त्यांनी भिंग खाली ठेवले होते. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी ते हाच कागद दाखवतात, वरचा मजकूर वाचून दाखवतात आणि त्या तीन ओळींपाशी आल्यावर सांगतात की इथून पुढचे अजून लागलेले नाही.